ओल्या ट्रॅकवरची सर्वोत्तम कामगिरी ठरवायची कशी?

ओलीफेरी (प्रश्न)

मंडळी, एका जुन्या वादाचा निकाल लावावा अशी माझी अपेक्षा नाही. तो वाद कोणत्या निकषांवर घालावा, एवढेच मला विचारायचे आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये साओ पाउलोच्या इंटरलागोस ट्रॅकवर मॅक्स व्हर्स्टॅपेनने सतराव्या क्रमांकावरून सुरुवात करून पावसातली शर्यत १९ सेकंदांहून अधिक फरकाने जिंकली, तेव्हापासून फॉर्म्युला वनमधील पावसातली सर्वश्रेष्ठ कामगिरी कोणती, या चर्चेला पुन्हा ऊत आला आहे. जुने जाणते 'डॉनिंग्टन १९९३, आयर्टन सेन्नाची पहिली फेरी' एवढे म्हणून विषय मिटवतात. त्यांच्याहून जुने असतील ते जॅकी स्ट्युअर्टने १९६८ मध्ये न्युर्बुर्गरिंगवर मिळवलेल्या विजयाचा दाखला देतात, आणि माझ्या वयाचे लोक लुईस हॅमिल्टनच्या २००८ मधील सिल्व्हरस्टोनपुढे दुसरे काही ऐकून घ्यायला तयार नसतात. प्रत्येकाच्या हातात एक आकडा मात्र असतोच, तो म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीशी असलेले अंतर.

ते सगळे आकडे मी एका मापात आणून पाहिले. एखादी शर्यत पावणेदोन तासांत आटोपते, तर एखादी सव्वादोन तास चालते, त्यामुळे नुसते सेकंद मोजणे बरोबर नाही. म्हणून विजयाचे अंतर हे विजेत्याच्या एकूण वेळेच्या किती टक्के होते, ते काढले. स्ट्युअर्टने ग्रॅहम हिलला ४ मिनिटे ३ सेकंदांनी मागे टाकले होते. ते अंतर सुमारे २.९ टक्के भरते. सेन्नाचे डॉनिंग्टनमधले ८३ सेकंद म्हणजे सव्वा टक्का, हॅमिल्टनचे सिल्व्हरस्टोनमधले साडेअडुसष्ट सेकंद म्हणजे १.१५ टक्के, सेन्नाचाच १९८५ मधला एस्तोरिलचा विजय ०.८७ टक्के, आणि मायकेल शूमाकरचा १९९६ मधला बार्सिलोनाचा विजय जेमतेम ०.६३ टक्के. या हिशेबाने स्ट्युअर्टच्या जवळपासही कोणी फिरकत नाही आणि शूमाकर पार तळाला जातो. बार्सिलोनाची ती शर्यत मी पुनःपुन्हा पाहिलेली आहे, त्यामुळे हा निष्कर्ष माझ्या पचनी पडत नाही. चूक मापात आहे की माझ्या पाहण्यात?

कार्टवाला

चूक मापात आहे. विजयाच्या अंतरात मागच्या चालकाचाही तेवढाच वाटा असतो, हे आपल्या टक्केवारीत कुठेच येत नाही. शिवाय पुढे निघून गेलेला चालक ओल्या ट्रॅकवर विनाकारण जीव तोडून गाडी हाकत नाही. बार्सिलोनामध्ये शर्यतीचा पाव भाग होण्याआधीच शूमाकर आघाडीवर पोहोचला होता, आणि उत्तरार्धात त्याच्या फेरारीचे दहा सिलिंडरचे इंजिन सगळ्या सिलिंडरवर चालतच नव्हते. ४५ सेकंदांची आघाडी त्याने सांभाळून आणली. वाढवण्याची त्याला गरजही नव्हती आणि तसे इंजिनही हाताशी नव्हते. सेफ्टी कार (धोका असताना सगळ्यांना आपल्यामागे संथ चालवणारी गाडी) आली की तर हे माप पूर्णच कोलमडते, कारण कमावलेले सगळे अंतर एका क्षणात शून्य होते. इंटरलागोसचे १९ सेकंद शेवटच्या सुमारे पंचवीस फेऱ्यांतले आहेत, आणि तेवढ्याच वेळाशी त्यांचे प्रमाण काढले तर ते ०.९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एस्तोरिलच्या बरोबरीने येते.

माझ्या मते अंतरापेक्षा गाडी ट्रॅकच्या कोणत्या भागावरून जात आहे, ते पाहावे. मी काही वर्षे हौस म्हणून कार्टिंग केले आहे, आणि तिथे पहिल्या पावसात पहिला धडा हाच मिळतो की कोरड्या दिवसाची लाइन विसरायची. ज्या पट्ट्यावरून सगळे रोज जातात, तिथे टायरचे रबर बसलेले असते आणि डांबर घासून गुळगुळीत झालेले असते. पाणी पडले की तोच पट्टा सर्वांत निसरडा होतो. त्याच्या बाहेर, जिथे एरवी कोणी फिरकत नाही, तिथे खडीची टोके अजून शाबूत असतात आणि पकड मिळते. त्यामुळे वळणात उशिरा शिरणे, आतला कोपरा सोडून देणे, बाहेरच्या कडेने मोठा वळसा घेणे आणि गाडी सरळ झाल्यावरच पाय दाबणे, हे सगळे करावे लागते. अंतर जास्त पडते, पण वेग टिकतो.

व्हर्स्टॅपेनची २०१६ मधली इंटरलागोसची शर्यत याच नजरेने पाहावी. ती त्याने जिंकली नाही, तो तिसरा आला. हॅमिल्टन विजयी झाला. इंटरमीडिएट (हलक्या ओलीसाठीचे) टायर घेण्याचा डाव फसल्यामुळे पुन्हा पिटमध्ये, म्हणजे टायर बदलण्याच्या जागी, यावे लागून तो बराच मागे फेकला गेला होता, आणि अखेरच्या पंधरा-सोळा फेऱ्यांत त्याने एकेकाला बाहेरच्या बाजूने, इतर कोणीही ज्या डांबरावर चाक ठेवत नव्हते त्यावरून, मागे टाकले. चालक म्हणून ती शर्यत मला २०२४ पेक्षा सरस वाटते. विजेत्यांच्या यादीत मात्र ती कधीच सापडणार नाही.

जुना_प्रेक्षक

कार्टवाला यांनी लाइनचा मुद्दा नेमका मांडला आहे. त्याला मी नजरेचा मुद्दा जोडतो, कारण पावसात सगळ्यांसाठी ट्रॅक सारखाच ओला असला, तरी सगळ्यांना तो सारखा दिसत नाही. पिरेली कंपनीच्या सांगण्यानुसार ताशी ३०० किलोमीटर वेगाला त्यांचा फुल वेट (भर पावसासाठीचा) टायर सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला सारतो. एका टायरचा हा आकडा चार चाकांनी गुणा, आणि ते पाणी मागच्या चालकाच्या तोंडावर धुक्यासारखे येते असे समजा. त्याला पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा दिसला तरी नशीब. आघाडीवरच्या चालकाला मोकळा रस्ता दिसतो आणि ब्रेक लावण्याची जागा ठरवता येते. म्हणून पोलवरून, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवरून, निघून पावसात जिंकणे आणि फवाऱ्यातून वाट काढत वर येणे, ही दोन वेगळ्या जातीची कामे आहेत. त्यांना एकाच तागडीत घालू नये.

आता डॉनिंग्टन. ११ एप्रिल १९९३ रोजी सेन्ना चौथ्या जागेवरून निघाला आणि रेडगेट या पहिल्याच वळणात पाचवा झाला. वळणातून बाहेर पडताना त्याने शूमाकरला गाठले, क्रेनर कर्व्ह्जच्या उतारावर बाहेरच्या बाजूने कार्ल वेंडलिंगरला मागे टाकले, मॅक्लिन्स वळणावर डेमन हिलला आणि मेलबर्न हेअरपिन वळणावर अलेन प्रॉस्टला ओलांडले. क्रेनर कर्व्ह्ज हा भाग वेगवान, उताराचा आणि पावसात भलताच घसरडा. तिथे बाहेरची बाजू धरण्याची हिंमत आणि अंदाज या दोन्ही गोष्टी त्या एका चालीत दिसतात. ती फेरी मोठीच आहे, याबद्दल दुमत नसावे.

परंतु त्या दिवसाची दंतकथा होताना काही गोष्टी गळून पडल्या. मॅकलारेनकडे फोर्डचे इंजिन होते आणि ते विल्यम्सच्या रेनो इंजिनापुढे कमी ताकदीचे होते, हे खरे; पण ओल्या ट्रॅकवर ताकदीचा तोटा बराच कमी होतो, आणि गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल (चाके जागीच घसरून फिरू न देणारी यंत्रणा) व ॲक्टिव्ह सस्पेन्शन (गाडीची उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणा) दोन्ही होते. शिवाय ऊन-पावसाचा असा खेळ चालला होता की प्रॉस्टला सात वेळा पिटमध्ये यावे लागले, त्यातच एकदा गाडी बंद पडली, आणि अखेरीस तो एक फेरी मागे राहून तिसरा आला. ८३ सेकंदांपैकी किती सेकंद सेन्नाने ट्रॅकवर कमावले आणि किती विल्यम्सने पिटमध्ये घालवले, हे वेगळे काढल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. त्या शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी, १ मिनिट १८.०२९ सेकंद, सेन्नाच्याच नावावर आहे. पण ती नोंदली गेली तो पिटमधून न थांबता पार झाला तेव्हा, कारण तिथल्या पिटमार्गाने शेवटचे वळण आखडते आणि त्या काळी पिटमध्ये वेगमर्यादा नव्हती! नुसत्या आकड्यांवर विसंबणाऱ्यांनी हे एक उदाहरण गाठीला बांधून ठेवावे.

आणि त्याच पहिल्या फेरीत कारकिर्दीतली अवघी तिसरी ग्रां प्री खेळणारा रुबेन्स बॅरिकेलो जॉर्डन गाडीत बाराव्यावरून चौथ्यावर आला होता. तो पुढे बराच वेळ आघाडीच्या गाड्यांत राहिला आणि शेवटी इंधनपुरवठ्याच्या बिघाडाने बाहेर पडला. त्याची फेरी कोणी आठवत नाही.

सेन्नाने स्वतः एस्तोरिलला वरचे स्थान दिले होते. १९८५ मधली ती पोर्तुगाल ग्रां प्री, लोटस ९७टी, टर्बो इंजिन आणि मदतीला कोणतीही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. टर्बोची ताकद पाय दाबल्यानंतर क्षणभराने आणि एकदम येते. ओल्या वळणात ती नेमकी नको तेव्हा आली की गाडी फिरलीच म्हणून समजा. त्याच शर्यतीत प्रॉस्टची मॅकलारेन चक्क सरळ रस्त्यावर पाण्यावर तरंगून फिरली. सेन्नाने तिथे पहिली पोल आणि पहिला विजय एकत्र मिळवला आणि दुसऱ्या आलेल्या मिकेले आल्बोरेटोखेरीज सगळ्यांना किमान एका फेरीने मागे टाकले. त्यांत त्याच्याच संघातला, त्याच गाडीतला एलिओ दे आंजेलिसही होता. एकदा आपली चारही चाके गवतावर गेली होती आणि गाडी परत ट्रॅकवर आली ते केवळ नशिबाने, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले. माझा कौल एस्तोरिलला. पोलवरून सुरुवात झाल्याने त्याला समोर मोकळा रस्ता मिळाला, हा त्याच्या विरोधातला मुद्दा मला मान्य आहे. पण सहकाऱ्यावरची पूर्ण एक फेरी त्या मुद्द्याने पुसली जात नाही.

टायरपुराण

एस्तोरिलबद्दल सहमत. स्ट्युअर्टचे २.९ टक्के मात्र तपासून घ्यायला हवेत.

४ ऑगस्ट १९६८ च्या न्युर्बुर्गरिंगविषयी कौतुकाने लिहावे तेवढे थोडे आहे. सुमारे २२.८ किलोमीटरची एक फेरी, अशा चौदा फेऱ्या, पाऊस आणि त्यावर डोंगरातले धुके. स्ट्युअर्टच्या मनगटाचे हाड काही महिन्यांपूर्वी मोडले होते आणि ते अजून धड जुळलेले नव्हते. सहाव्या जागेवरून निघून पहिली फेरी संपण्याच्या आत तो आघाडीवर होता, म्हणजे मोकळी नजर त्याला मिळाली खरी, पण ती त्याने फवाऱ्यातून जाऊन मिळवली. इतक्या लांब ट्रॅकवर एका टोकाला पाण्याचे ओहोळ आणि दुसऱ्या टोकाला नुसती ओल, असे प्रत्येक फेरीत बदलत असते; त्यामुळे मागच्या फेरीत जे पाहिले त्याचा पुढच्या फेरीत भरवसा धरता येत नाही.

तरीही त्या दिवशी त्याच्या 'मात्रा' कंपनीच्या गाडीला डनलपचे टायर होते आणि ते ओल्यात इतरांपेक्षा उजवे होते. टायर किती फरक पाडतात हे पाहायचे असेल, तर त्याच स्ट्युअर्टची तीन वर्षांनंतरची झँडव्हूर्टची शर्यत पाहा. १९७१ मधल्या त्या पावसात फायरस्टोन टायरवर धावणारे जॅकी इक्स आणि पेद्रो रॉड्रिगेझ असे निसटले की बाकीचे सगळे किमान एक फेरी मागे पडले. गुडइयर टायरवरचा स्ट्युअर्ट पाच फेऱ्या मागे, अकरावा आला. त्या वर्षी विश्वविजेता तोच झाला, त्यामुळे गाडी वाईट होती किंवा चालक विसरला होता असे म्हणण्याची सोय नाही. न्युर्बुर्गरिंगचे चार मिनिटे त्याच्या नावावर जमा करायचे, तर झँडव्हूर्टच्या पाच फेऱ्या कोणाच्या नावावर टाकायच्या?

हॅमिल्टनच्या सिल्व्हरस्टोनचेही थोडेफार असेच आहे. किमी रायकोनेन त्याच्या अगदी मागे आलेला असताना दोघे एकाच फेरीत पिटमध्ये शिरले. मॅकलारेनने हॅमिल्टनला नवे इंटरमीडिएट दिले. फेरारीने ट्रॅक सुकेल या आशेवर रायकोनेनचे झिजलेले टायर तसेच ठेवले, आणि पाऊस परत आला. शर्यतीचा तो लढा तिथेच संपला. हॅमिल्टनची त्या दिवसाची कारागिरी मला कमी लेखायची नाही. त्याच्याच संघातला, पोलवरून निघालेला हेइकी कोवालाइनेन एक फेरी मागे पाचवा आला, ही तुलना ६८ सेकंदांपेक्षा कितीतरी बोलकी आहे. त्याच शर्यतीत फेलिपे मासाने पाच वेळा गिरकी खाल्ली. वर्षाअखेरीस त्याचे विजेतेपद एका गुणाने हुकले, हे आठवले की आजही हळहळ वाटते.

म्हणून माझ्यापुरता नियम असा, की सहकाऱ्याशी तुलना आधी, तेच टायर वापरणाऱ्यांशी त्यानंतर, आणि उरलेल्यांशी शेवटी. या नियमाने शूमाकरची बार्सिलोना अडचणीत येते, कारण एडी अर्व्हाइन पहिल्याच फेरीत बाहेर गेला आणि तुलनेला कोणी उरलेच नाही.

ओलीफेरी

अडचण बार्सिलोनाची नसून आपल्या नियमाची आहे, असे म्हणायचा मोह होतो. त्या फेरारीने त्या हंगामात तोवर एकही शर्यत जिंकलेली नव्हती, डेमन हिलसारखा विजेतेपदाचा दावेदार त्याच पावसात घसरून बाद झाला, शर्यत पूर्ण करणाऱ्या गाड्या अवघ्या सहा होत्या, आणि शूमाकर काही टप्प्यांत फेरीला तीन-तीन सेकंद जास्त वेगाने जात होता. सहकारी नाही म्हणून हे सगळे बाजूला कसे ठेवायचे?

जुना_प्रेक्षक

बाजूला ठेवू नये, पण त्याच्या दोन आठवडे आधीचे मोनॅकोही सोबत ठेवावे. तोच चालक, तीच गाडी, तशीच ओल, शिवाय पोल. आणि शूमाकरने पहिल्याच फेरीत गाडी कठड्यावर घातली. त्या शर्यतीत चौदाव्या जागेवरून आलेला ऑलिव्हिए पानिस जिंकला. ज्या दिवशी धाडस फळते त्या दिवसाची आपण कामगिरी म्हणून नोंद करतो, आणि ज्या दिवशी तेच धाडस भिंतीत जाते तो दिवस अपघातांच्या खात्यात टाकतो. एका शर्यतीचे मोजमाप करायचे असेल तर बार्सिलोना निर्विवाद मोठी आहे. 'पावसातला सर्वश्रेष्ठ चालक' हे बिरुद मात्र दोन्ही दिवस मोजूनच द्यावे लागेल.

मागची_रांग

सगळे जिंकणाऱ्यांबद्दलच लिहीत आहेत, म्हणून स्टेफान बेलोफचे नाव घेतो. १९८४ चे मोनॅको सेन्नाच्या टोलमन गाडीतल्या कामगिरीमुळे प्रसिद्ध आहे. तेराव्यावरून निघालेला सेन्ना आघाडीच्या प्रॉस्टला गाठत असताना लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली गेली. त्याच वेळी तिसऱ्या जागेवर बेलोफ होता, विसाव्या म्हणजे अगदी शेवटच्या जागेवरून आलेला, आणि तोही पुढच्या दोघांच्या जवळ येत होता. थांबवली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न सेन्नाच्या बाजूने नेहमी विचारला जातो. बेलोफच्या बाजूने कोणी विचारत नाही.

टायरपुराण

विचारायलाच हवा, पण दोन गोष्टी लक्षात घेऊन. बेलोफची टायरेल ही त्या शर्यतीतली एकमेव बिनटर्बो गाडी होती. कोरड्यात तिचा निभाव लागत नसे, पण मोनॅकोच्या संथ, ओल्या वळणांत पायाखाली सलग, सौम्य ताकद असणे हा मोठाच फायदा होता. सेन्ना टर्बोशी झुंजत होता. दुसरे, नियमभंगाच्या आरोपावरून टायरेल संघाला नंतर त्या हंगामातून बाद केले गेले आणि बेलोफचे तिसरे स्थान नोंदीतून गेले. तरीही विसाव्यावरून तिसरा, तोही मोनॅकोत, जिथे कोरड्यात एक गाडी ओलांडणे मुश्कील! माझ्या यादीत तो एस्तोरिलच्या लगेच खाली आहे.

जाता जाता, त्या अर्धवट शर्यतीचे प्रॉस्टला निम्मेच, म्हणजे साडेचार गुण मिळाले. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा आला असता तरी त्याला सहा मिळाले असते, आणि ते विजेतेपद त्याने अर्ध्या गुणाने गमावले.

ओलीफेरी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इंटरलागोस २०२४ मध्ये लाल झेंड्यामुळे व्हर्स्टॅपेनला पिटमध्ये वेळ न घालवता टायर बदलता आले. हे नशीब वजा करायचे का, आणि करायचे तर कसे?

कार्टवाला

करायचेच, पण योग्य माणसाशी तुलना करून. लँडो नॉरिस पोलवरून निघून सहावा आला. त्याने झेंड्याच्या थोडेच आधी टायर बदलले होते, म्हणून तो फसला. त्याच्याशी तुलना केली तर नशिबाचा भाग व्हर्स्टॅपेनच्या खात्यात जमा होतो. सतरावा हा आकडाही थोडा सोलून घ्यावा लागेल, कारण अलेक्झांडर आल्बन आणि लान्स स्ट्रोल हे त्याच्या पुढचे दोघे शर्यत सुरूच करू शकले नाहीत.

एस्तेबान ओकॉन आणि पिएर गॅस्ली हे आल्पिनचे दोघे मात्र व्हर्स्टॅपेनसारखेच पिटमध्ये न जाता ट्रॅकवरच राहिले होते आणि त्यांनाही तेच फुकटचे टायर मिळाले. फ्रँको कोलापिंटोच्या अपघातानंतर शर्यत थांबली तेव्हा ओकॉन पहिला, व्हर्स्टॅपेन दुसरा आणि गॅस्ली तिसरा असा क्रम होता, म्हणजे या तिघांपुरते नशीब समसमान वाटले गेले होते. पुढे सेफ्टी कार गेल्यावर व्हर्स्टॅपेनने ओकॉनला ओलांडले आणि मोकळ्या ट्रॅकवर एकामागून एक सर्वांत वेगवान फेऱ्या नोंदवल्या. तेव्हा वजाबाकी करून जे उरते ते ओकॉनवरचे १९ सेकंद. त्यातही रेड बुल ही आल्पिनपेक्षा चांगली गाडी होती, हे धरले तर मी त्याला एस्तोरिलच्या खाली आणि सिल्व्हरस्टोनच्या आसपास ठेवीन. त्याच्याच २०१६ च्या शर्यतीखाली तर नक्कीच.